रडणाऱ्यांच्या शेजारी

मृत्यू झालेल्या घरात शिरताना चपला कुठे काढायच्या हे कळते, कुणाजवळ जाऊन बसायचे हेही कळते. तोंड उघडून काय बोलायचे एवढे मात्र कळत नाही. मग जे ओठांवर येते ते माणसे बोलून जातात. 'सुटला बिचारा', 'आयुष्याची दोरीच तेवढी होती', 'आता मुलांकडे बघून सावरायला हवं'. आम्हा ख्रिस्ती लोकांकडेही अशा तयार वाक्यांचा साठा कमी नाही. 'देवाची काहीतरी योजना असेल', 'प्रभूला ती अधिक प्रिय होती', 'तो आता आपल्यापेक्षा चांगल्या ठिकाणी आहे'. आणि लहान मूल गेले असेल तर 'देवाला आपल्या बागेत एक फूल हवं होतं'. हे शेवटचे वाक्य मी किती अंत्यविधींत ऐकले असेल याची गणती नाही. बोलणारा मनाने दुष्ट नसतो, उलट हळवाच असतो. पण ज्या आईचे मूल गेले आहे तिने या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? देवाला फुलांची हौस आली म्हणून त्याने माझी कूस रिकामी केली, असाच ना?

माझा जन्म अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) एका मराठी ख्रिस्ती घरातला. लग्नानंतर पुण्यात आले, शाळेत शिकवले, निवृत्त झाले. आमच्याकडे चर्चच्या सभासदांच्या समूहाला 'मंडळी' म्हणतात. त्या मंडळीतल्या बायकांबरोबर दुःखी घरांना भेटायला जाण्याचे काम मी गेली पंचवीसेक वर्षे करते आहे. त्यात पाळकसाहेबांसारखी विद्वत्ता लागत नाही. लागतो तो वेळ, आणि गप्प बसण्याची सवय. ही दुसरी गोष्ट शिक्षिकेला जड जाते हे कबूल करायला हवे.

आमच्या प्रॉटेस्टंट मंडळींत सांत्वनाचा प्रश्न जरा जास्तच अवघड होऊन बसतो, त्याचे कारण आमच्या इतिहासात आहे. हिंदू घरात मृत्यूनंतर दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध असते. त्या विधींविषयी कुणाचे काही मत असो, पण त्या दिवसांत घर माणसांनी भरलेले राहते आणि सुन्न झालेल्या माणसाच्या हातांना काही ना काही काम असते. कॅथलिक बांधवांकडे मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा असते. सातव्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची. वसईच्या माझ्या एका सहकारी बाईंच्या घरी मी पाहिले आहे, त्यांचे सासरे गेल्यावर रोज संध्याकाळी वाडीतली माणसे ओट्यावर जमून रोझरीची प्रार्थना म्हणत. सातव्या दिवसापर्यंत त्यात खंड पडला नाही. शिवाय २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत कबरीकबरीवर मेणबत्त्या लागतात आणि अख्खे गाव आपल्या गेलेल्या माणसांना भेटून येते.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी मृतांसाठी प्रार्थना करण्याची ही पद्धत नाकारली. मेलेला माणूस देवाच्या हाती गेला, आता त्याच्यासाठी आपण करण्यासारखे काही उरले नाही, हा त्यांचा विचार. तो तर्काला धरून आहे आणि मी त्याच विचारात वाढले आहे. पण त्याचा व्यवहारात परिणाम असा झाला की दफनविधी आटोपून, मूठमाती देऊन माणसे घरी परतली की पुढे कॅलेंडरवर काहीच नाही. फार तर एखादी स्मरणार्थ उपासना. मंगळवारी दफन, बुधवारी पाहुण्यांची गाडी, आणि गुरुवारी सकाळी त्या घरात एकटी बाई, एक कप कमी लागणारा चहा आणि खुंटीला टांगलेला सदरा. विधींनी सोडलेली ही जागा शेजाऱ्याने भरायची असते. ती कशी भरायची, यावरच बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा एकोणीस वर्षांचा मुलगा काही वर्षांपूर्वी नगर रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. एकुलता एक. दफनाला शेदीडशे माणसे होती. गाणी म्हटली गेली, पुनरुत्थानाच्या आशेवर सुंदर उपदेश झाला. 'रडू नका, आपण आशा नसलेल्यांसारखे नाही,' असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना चारचौघांत सांगितले. बाईंनी डोळे पुसले आणि मान हलवली. पुढच्या रविवारी त्या चर्चला आल्या, त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या. मग येईनाशा झाल्या. सुमारे दीड वर्ष त्या चर्चची पायरी चढल्या नाहीत. 'विश्वासात कमी पडल्या' असे हळू आवाजात बोलले जाऊ लागले.

त्या दीड वर्षात एक आजी त्यांच्याकडे जात राहिल्या. या आजी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, वयाने तेव्हाच सत्तरीच्या पुढे. दर गुरुवारी दुपारी जायच्या. जाताना पिशवीत मेथीची नाहीतर शेपूची जुडी. दोघी समोरासमोर बसून भाजी निवडायच्या. आजी बायबल बरोबर नेत, पण पिशवीतून बाहेर काढत नसत. मी एक-दोनदा त्यांच्याबरोबर गेले तर तासभर कुणी शब्दही बोलले नाही. मला ते असह्य झाले, पण त्या दोघींना तसे काही वाटत नसावे. सात-आठ महिन्यांनी एके दिवशी त्या आईने भाजी खाली ठेवली आणि विचारले, "तो रस्त्यावर पडला होता तेव्हा देव कुठं होता?"

आजी म्हणाल्या, "मला माहीत नाही, बाई."

हे उत्तर ऐकून ती आई पहिल्यांदा मोकळेपणी रडली. नंतर तिने आजींना काहीतरी वाचून दाखवा म्हटले. आजींनी तेविसावे स्तोत्र उघडले नाही. ते दफनाच्या वेळी वाचून झालेच होते. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे काढले. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांच्या शेवटी कवी देवाच्या स्तुतीकडे वळतो. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. सखेसोबती दूर गेले, देव तोंड लपवतो आहे, एवढेच सांगून थांबते. हे स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवणाऱ्यांनी ते चुकून ठेवलेले नाही. शोकाच्या घरी ते वाचायचे धाडस मात्र क्वचितच कुणी करते.

मला नेहमी वाटते की सांत्वन कसे करू नये याचा धडा बायबलने आपल्याला फार आधीच देऊन ठेवला आहे. ईयोबाची गोष्ट अनेकांना ऐकून माहीत असेल. गुरेढोरे गेली, सात मुलगे आणि तीन मुली घर कोसळून एकाच दिवशी मेल्या, अंगभर गळवे उठली. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, लांबून त्याला भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एकानेही शब्द उच्चारला नाही, कारण त्याचे दुःख किती मोठे आहे ते त्यांना दिसत होते. इथपर्यंत ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवसापासून ते बोलू लागले आणि सगळे बिघडले. तू काहीतरी पाप केले असशील, देव उगाच शिक्षा करीत नाही, पश्चात्ताप कर. पानेच्या पाने ते देवाची बाजू मांडतात. शेवटी देव प्रकट होतो तो या वकिलांवरच रागावतो, आणि तक्रार करणारा ईयोबच बरोबर बोलला असे सांगतो. ग्रंथाच्या अखेरीस ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. उपदेशक हे मोठ्या आनंदाने सांगतात. माझ्या मनात मात्र दर वेळी येते, की पहिल्या दहांचे काय? एखाद्या आईला विचारा, नंतरचे मूल आधीच्याची जागा घेते का ते.

दुसरा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला. यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवर बेथानी नावाचे खेडे, तिथे मार्था आणि मरिया या बहिणी आणि त्यांचा भाऊ लाजर. लाजर आजारी पडल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस उशिरा निघाला आणि पोचला तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था धावत सामोरी आली. मरिया घरातच बसून राहिली, ती नंतर आली. या दोघींनी येशूला म्हटले ते एकच: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. शब्दसुद्धा जवळपास तेच. पण येशूने दोघींना एकच उत्तर दिले नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, कारण तिला बोलायचे होते, वाद घालायचा होता. मरिया पायाशी कोसळून रडू लागली तेव्हा तो काहीही बोलला नाही. कबर कुठे आहे विचारले आणि स्वतःच रडू लागला. तो रडला एवढेच सांगणारे ते वचन मराठी बायबलात दोन शब्दांचे आहे आणि रविवारच्या शाळेत पाठांतराला सोपे म्हणून मुले तेच निवडतात. थोड्याच वेळात आपण लाजराला जिवंत बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. ज्यांना पुनरुत्थानाची खात्री आहे त्यांनी रडायचे कारण नाही असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा एकदा वाचावा.

आणि त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी वापरलेले वाक्य? ते पौलाच्या थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रातून येते. इसवी सन ५० च्या सुमाराचे हे पत्र, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक. नव्या विश्वासातली काही माणसे मरण पावली होती आणि उरलेले गोंधळले होते. त्यांना पौलाने सांगितले, ते आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे. शोकच करू नका असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. रोमच्या लोकांना लिहिताना तर त्याने रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितले. त्यांना समजावायला सांगितले नाही. अर्धे वचन कापून घेतले की औषधाचे विष होते.

मराठी ख्रिस्ती माणसाला याबाबतीत आपल्याच घरातली उदाहरणे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक केवढे श्रद्धावान. पण मुलाच्या मृत्यूच्या दुःखाला त्यांनी 'बापाचे अश्रू' असे नाव दिले. ते अश्रू त्यांनी लपवले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते, दहा-साडेदहा अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाईंचे शाळेत शिक्षण झालेले नव्हते. लिहावाचायला त्या लग्नानंतर शिकलेल्या. त्यांनी ते काव्य हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. पुढे १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागले. त्या पुस्तकाची गोडी कशात आहे याचा मी विचार करते तेव्हा वाटते, की गेलेल्या नवऱ्याला या बाईने देव्हाऱ्यात बसवले नाही. त्यांचा शीघ्रकोप, घरात दाणा नसताना हातातले देऊन टाकण्याची खोड, सगळे तिने हसत हसत सांगितले. आपल्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवसापासून तो सद्गुणांचा पुतळा होतो आणि घरच्यांची पंचाईत होते, कारण त्यांना आठवत असतो तो घोरणारा, चहात दोन चमचे साखर मागणारा, उधारी विसरणारा माणूस. त्याच्याविषयी बोलायला कुणी तरी ऐकणारे हवे असते.

प्रेषितांच्या कृत्यांत दुर्कस नावाच्या एका बाईच्या मृत्यूची गोष्ट आहे. यापो गावची ही बाई गरिबांसाठी कपडे शिवायची. ती गेली तेव्हा पेत्र तिथे आला, तर गावातल्या विधवा रडत रडत त्याच्याभोवती जमल्या आणि दुर्कसने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे दृश्य मी पुण्यातल्या कितीतरी घरांत पाहिले आहे. "हा बघा, गेल्या हिवाळ्यात विणलेला स्वेटर." "हे त्यांच्या अक्षरातलं किराण्याच्या हिशेबाचं चिठोरं." अशा वेळी घड्याळाकडे न बघता तो स्वेटर हातात घेऊन बघणे, बाही कुठे उसवली आहे ते विचारणे, यासारखी प्रार्थना नाही असे माझे मत आहे. कुणाला ते धर्मबाह्य वाटले तर वाटो.

इंग्लंडच्या सी. एस. लुईस यांचे नाव 'नार्निया'च्या गोष्टींमुळे आपल्या मुलांनाही माहीत आहे. ख्रिस्ती श्रद्धेची तर्कशुद्ध मांडणी करणारा हा प्राध्यापक. १९४० साली त्यांनी दुःखाच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले, अगदी मुद्देसूद. वीस वर्षांनी, १९६० साली, त्यांची पत्नी कर्करोगाने गेली. तेव्हा त्यांनी वहीत जे लिहिले त्यात मुद्देसूदपणा फारसा राहिला नाही. राग होता, दाराला आतून कडी लागल्याची भावना होती. ते लिखाण १९६१ मध्ये 'अ ग्रीफ ऑब्झर्व्हड' या नावाने प्रसिद्ध झाले, पण लेखक म्हणून टोपणनाव घालून. श्रद्धा त्यांनी सोडली नाही. पण आधीच्या पुस्तकाने न दिलेला आधार अनेकांना या दुसऱ्या, विस्कटलेल्या पुस्तकाने दिला.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. दुःखी माणूस मऊ झालेला असतो, त्याचे दार उघडे असते. अशा वेळी हिंदू किंवा मुसलमान शेजाऱ्याच्या घरी सांत्वनाच्या नावाखाली पत्रके घेऊन शिरणे आणि 'तुम्ही विश्वास ठेवला असता तर' अशी सुरुवात करणे हा मला दरोडा वाटतो. आमच्यातल्या काही उत्साही मंडळींना हे आवडणार नाही. माझे वडील वारले तेव्हा मी अकरावीत होते. त्या आठवड्यात घरी येऊन कोण काय बोलले यातले आज एकही वाक्य आठवत नाही. आठवते ते एवढेच, की नगरला तेव्हा नळाला पाणी पहाटे चारला यायचे आणि शेजारच्या ब्राह्मण काकूंनी आठ दिवस आमची पिंपे भरली. आईला त्यांनी सांगितलेसुद्धा नाही. पाण्याच्या आवाजावरून कळायचे. त्यांनी आम्हाला गीता वाचून दाखवली नाही आणि आम्ही त्यांना बायबल. घरी प्रार्थनेला त्या कडेला उभ्या राहायच्या, डोक्यावर पदर घेऊन.

सगळ्यांत कठीण असतो तो पहिला नाताळ. डिसेंबर लागला की आमच्या घरांवर चांदण्या लागतात, करंज्या-शंकरपाळ्यांचा वास गल्लीभर सुटतो, रात्री तरुणांची टोळी ढोलकी-पेटी घेऊन घरोघरी नाताळगीते गायला निघते. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला आहे तिथे जायचे की नाही? पूर्वी सरळ ते घर वगळत. दुःखात आनंदाची गाणी कशाला, असा हेतू. पण आत बसलेल्या माणसांना गाणे शेजारच्या दारात ऐकू येते, मग पावले आपल्या दारावरून पुढे जातात तेही ऐकू येते. एका घरातल्या आजोबांनी मला सांगितले, "बायको गेल्याचं दुःख होतंच, त्या रात्री कळलं की आम्हीसुद्धा तिच्याबरोबर मेलो." आता आमची मुले अशा दारासमोर ढोलकी खाली ठेवतात, एकच संथ गीत म्हणतात आणि आत बोलावले तर जातात. मुलगा गमावलेल्या त्या आईच्या दारात पहिल्या वर्षी आतून दिवा लागला नाही. दुसऱ्या वर्षी दार उघडले, आणि तिने मुलांना करंज्या दिल्या. त्या विकतच्या होत्या, हे तिने दोनदा सांगितले.

२०२० आणि २०२१ या वर्षांत हे सगळेच बंद पडले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. कोरोनाने गेलेल्याच्या कबरीशी तर घरचे दोघे-चौघे आणि आपादमस्तक झाकलेले कर्मचारी. मूठभर माती टाकायलाही मिळाली नाही अशी कुटुंबे आमच्या मंडळीत आहेत. टेलिफोनवर प्रार्थना होत, पण फोनवर गप्प बसता येत नाही ही त्यातली मोठी अडचण. गप्प बसले की पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करतो. आमच्या परिचारिका आजींनी त्यावर आपला उपाय काढला होता. रोज संध्याकाळी सातला त्या ठरलेल्या घरी फोन लावत आणि म्हणत, "काही बोलू नकोस, मी कांदा चिरतेय, तूही तुझं काम कर." पलीकडे भांड्यांचा आवाज, अलीकडे विळीचा. दहा मिनिटांनी फोन ठेवायचा.

त्या आईविषयी राहिले. ती आता चर्चला येते. शेवटच्या बाकावर बसते आणि शेवटचे गीत सुरू झाले की उठून जाते, म्हणजे दारात कुणी 'आता बरं वाटतंय ना?' असे विचारणार नाही. तिच्यासाठी तो बाक मोकळा ठेवायचा हे सगळ्यांना न सांगता कळले आहे. दुसऱ्या एका घरात तरुण मुलगी गेली तेव्हा पाळकीणबाईंच्याही आधी ती तिथे पोचली होती. काय बोलली मला ठाऊक नाही. बहुधा काहीच नाही. स्वयंपाकघरात जाऊन पिठल्याला फोडणी देताना मी तिला पाहिले.

आजींकडे एक जुनी डायरी आहे. तीत मंडळीतल्या गेलेल्या माणसांच्या तारखा आहेत. मृत्यूच्या, आणि त्याहून महत्त्वाच्या म्हणजे वाढदिवसांच्या, लग्नाच्या. लोक मृत्यूची तारीख लक्षात ठेवतात, वाढदिवस विसरतात, आणि त्या दिवशी घरात कसे वाटते ते फक्त आईला माहीत असते, असे त्यांचे म्हणणे. आता त्यांना दोन जिने उतरवत नाहीत म्हणून तरुण संघातल्या एका मुलाने त्या तारखा मोबाइलमध्ये घालून दिल्या. त्याने सगळ्यांना आपोआप संदेश जाईल अशी सोयही करू का म्हणून विचारले. आजींनी त्याला चहा दिला आणि संदेश नको म्हणून सांगितले. कुणी तरी जायला हवे. या महिन्यात अशा पाच तारखा आहेत, त्यातल्या दोन माझ्याकडे आल्या आहेत. पहिली येत्या मंगळवारची. घर हडपसरच्या पुढे आहे, दोन बस बदलाव्या लागतील, आणि जाताना शेपूची जुडी न्यायला आजींनी बजावले आहे.